या चुका टाळा: 'ड्यूस एक्स'मध्ये लपून खेळताना आणि गोळ्या झाडताना

"मामा, एकालाबी मारलं नाही बघा. तरी मेडल आलंच नाही. काय चुकलं सांगा की."

गणपतीच्या सुट्टीत भाचा कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी आला तो लॅपटॉप काखेत घेऊनच. 'ड्यूस एक्स: ह्यूमन रिव्होल्यूशन' हा व्हिडिओ गेम त्यानं एकालाही न मारता पूर्ण केला होता, निदान त्याची तशी खात्री होती. त्याबद्दलची 'पॅसिफिस्ट' ही अचिव्हमेंट, म्हणजे मेडल, मात्र मिळाली नव्हती. पोरगं रडवेलं झालं होतं. २०११ साली आलेला हा गेम मी तीन वेळा पूर्ण केलाय, त्यामुळं त्याचं दुखणं मला लगेच कळलं. खेळ संपेपर्यंत आपल्या हातून कुणी मेलं का, हे हा गेम कुठं दाखवत नाही. शेवटी एकदम निकाल लागतो.

भाच्यानं एक गोष्ट चांगली केली होती: प्रत्येक मिशनला वेगळा सेव्ह ठेवला होता. आम्ही ते एकेक उघडत गेलो. जमिनीवर पडलेल्या गार्डजवळ जाऊन बघायचं. बेशुद्ध असेल तर झोपेची खूण दिसते, मेलेला असेल तर कवटी. डेट्रॉइटमध्ये सगळे झोपलेले. हेंगशा शहराच्या पहिल्या फेरीतही सगळे झोपलेले. हेंगशाच्या दुसऱ्या फेरीत, जिथं नायकाची वैमानिक फरीदा मलिक हिचं विमान पाडलं जातं, तिथं पडलेल्या रोबोच्या शेजारी दोन सैनिक होते. दोघांवर कवटी.

त्यानं त्या दोघांना झोपेच्या बाणानं पाडलं होतं, अगदी नीट. मग रोबोवर ईएमपी ग्रेनेड, म्हणजे यंत्रं निकामी करणारा बॉम्ब, टाकला. रोबो फुटला आणि त्या स्फोटात शेजारी बेशुद्ध पडलेले दोघं गेले. भाच्याचा हेतू मारण्याचा नव्हता, पण गेम हेतू मोजत नाही. माणूस जिवंत राहिला की नाही, एवढंच तो मोजतो.

खासबागेत पाठ टेकली की शिट्टी वाजते आणि पैलवान सुटतो. इथं शिट्टी वाजत नाही. बेशुद्ध पाडलेल्या माणसाची जबाबदारी तुम्ही ती जागा सोडेपर्यंत तुमच्यावरच असते. एवढं ध्यानात ठेवलं तर न मारता खेळणाऱ्यांच्या निम्म्या चुका होणारच नाहीत. रोबो फोडायचा असेल तर आधी फोडा, माणसं नंतर पाडा. माणसं आधीच पडली असतील तर त्यांना ओढून लांब न्या. उंचावरून कुणाला खाली टाकू नका. स्फोट होणाऱ्या पिंपाजवळ कुणाला झोपवून पुढं जाऊ नका. टरेट, म्हणजे आपोआप गोळ्या झाडणारी बंदूक, हॅक करून शत्रूवर फिरवण्यापेक्षा सरळ बंद करून टाका.

दुसरी चूक बोटाची आहे. टेकडाउनचं, म्हणजे जवळ जाऊन माणूस पाडायचं, बटण टिचकी मारल्यासारखं दाबलं की गेमचा नायक जेन्सन ठोसा लगावून माणूस झोपवतो. तेच बटण दाबून धरलं की त्याच्या हातातून पाती बाहेर येतात. घाबरलेल्या अवस्थेत, गार्ड वळायच्या बेतात असताना, बोट अर्धा सेकंद जास्त टेकून राहतं. पाती दिसली की लगेच मागचा सेव्ह लोड करा. 'एकच तर गेला' म्हणून पुढं गेलात की पुढचे वीस तास वाया गेले समजा.

आता मुळातला गोंधळ. लपून खेळणं आणि न मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक नवे खेळाडू त्यांची एकच मोट बांधतात. सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलानं अंधारातून एकेकाला टिपत गेलात तर तुम्ही लपून खेळताय, पण मारताय. स्टन गन घेऊन भर चौकात दहा जणांना लोळवलंत तर तुम्ही उघड खेळताय, पण कुणाला मारत नाही. गेमचा हिशेबही तसाच वेगवेगळा आहे. 'घोस्ट' बोनसचे ५०० एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळतात ते कुणाच्याही नजरेस न पडल्याबद्दल. 'स्मूद ऑपरेटर'चे २५० मिळतात ते अलार्म न वाजल्याबद्दल. 'पॅसिफिस्ट'ला या दोन्हींशी देणंघेणं नाही. त्यामुळं गार्डनं पाहिलं, चार गोळ्या सुटल्या म्हणून लगेच लोड करायची गरज नसते. तुम्हाला नेमकं काय हवंय ते आधी ठरवा.

अलार्मचंही तेच. गार्ड ओरडला, सगळे सावध झाले, म्हणजे अलार्म वाजला असं नाही. तो भिंतीवरच्या पॅनेलपर्यंत धावतो आणि बटण दाबतो, तेव्हा वाजतो. म्हणून खोलीत शिरल्यावर आधी ते पॅनेल कुठं आहे ते बघा आणि जमलं तर हॅक करून बंद करा. गार्ड धावत सुटला तर त्या वाटेवर त्याला गाठा. 'फॉक्सिएस्ट ऑफ द हाउंड्स' ही अलार्म न वाजवण्याची अचिव्हमेंट माझ्या मते 'पॅसिफिस्ट'पेक्षा सोपी आहे, तरी लोक तिच्या वाटेला जात नाहीत, कारण 'कुणी पाहिलं की संपलं' असा त्यांचा समज असतो.

एक्सपीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: इथं बनवणाऱ्यांनी तराजू एका बाजूला झुकवलाय. साध्या गार्डला गोळीनं मारलं तर १० एक्सपी, पात्यानं मारलं तर ३०, आणि ठोशानं झोपवलं तर ५०. दर ५००० एक्सपीला एक प्रॅक्सिस, म्हणजे शरीरात एक नवी ताकद. हा हिशेब कळला की माणूस मनाला पटतं तसं खेळायचं सोडून गुणांसाठी खेळायला लागतो. रिकाम्या इमारतीत परत जाऊन उरलेल्या प्रत्येक गार्डला झोपवत फिरणारे मी पाहिलेत. २००० सालच्या मूळ 'ड्यूस एक्स'मध्ये असं नव्हतं. तिथं माणूस पाडल्याचे गुण मिळत नसत, ना मारून ना झोपवून. गुण होते ते वाट शोधल्याचे आणि काम फत्ते केल्याचे. नायकाचा भाऊ पॉल न मारण्याचा सल्ला द्यायचा, आणि तो ऐकायचा की नाही हे खरोखर तुमच्यावर असायचं. मला ती रीत जास्त प्रामाणिक वाटते.

'ह्यूमन रिव्होल्यूशन'मध्येसुद्धा गुणांची चणचण भासू नये इतके मार्ग आहेत. व्हेंटमधून वाट शोधा, कॉम्प्युटर हॅक करा. पासवर्ड हातात असला तरी हॅकच करा, कारण हॅकिंगचे गुण पासवर्ड टाकून मिळत नाहीत. लिंब क्लिनिक या गेममधल्या दवाखान्यात ५००० क्रेडिटला प्रॅक्सिस किट विकत मिळतं. तेव्हा मारून खेळायची इच्छा असेल तर ५० आणि १० च्या फरकापायी मन मारू नका.

मारून खेळणाऱ्यांची मोठी चूक वेगळीच असते. ते याला साधा बंदुकीचा खेळ समजून दारातून थेट आत घुसतात. सुरुवातीचा जेन्सन काचेच्या भांड्यासारखा आहे, दोनचार नेमक्या गोळ्यांत संपतो. आडोशाला राहा, डोक्याचा नेम धरा, आणि पहिले एक-दोन प्रॅक्सिस त्वचेच्या चिलखतावर किंवा बंदुकीचा झटका कमी करण्यावर घाला. सामानाची पेटी चौकटीचौकटीची असते. चार मोठ्या बंदुका कोंबल्या की गोळ्यांना जागा उरत नाही. दोन बंदुका धरा आणि सगळे अपग्रेड त्यांनाच लावा.

पहिल्या मिशनला निघताना विमानात जेन्सनचा मालक सॅरिफ विचारतो, जीव घेणारं हत्यार हवं की न घेणारं, जवळचं की लांबचं. इथं बरेच जण कॉम्बॅट रायफल मागतात. ती मागू नका. तसली रायफल पुढं शत्रूंच्याच हातात जागोजागी असते, पडलेल्याजवळून उचलायची. झोपेच्या बाणांची रायफल मात्र अशी शत्रूंजवळ मिळत नाही. मारायचं ठरवलं असलं तरी तीच मागून घ्या, हवं तर पुढं विकता येते.

याच मिशनची आणखी एक चूक फार जणांना नडते. सॅरिफ इंडस्ट्रीजच्या ऑफिसात फिरत बसाल, प्रत्येकाचा ईमेल वाचत राहाल, तर तिकडं कारखान्यात ओलीस धरलेली माणसं मरतात. बोलावलं की निघा. ऑफिस नंतर बघायला मिळतं.

ऊर्जेचं गणितही लोक उलटं मांडतात. प्रत्येक टेकडाउनला बॅटरीची एक अख्खी पेशी लागते आणि आपोआप परत भरते ती फक्त पहिली. हे कळायच्या आत बरेच जण पेशींची संख्या वाढवण्यावर प्रॅक्सिस खर्च करून बसतात. वाढीव पेशी खाऊचे बार खाऊनच भराव्या लागतात. त्यापेक्षा भरण्याचा वेग वाढवा. पहिली पेशी लवकर भरली की एक गार्ड झोपवा, आडोशाला थांबा, पुन्हा एक.

बॉसपाशी, म्हणजे मोठ्या शत्रूपाशी, न मारणाऱ्यांचा जीव खरंच मेटाकुटीला येतो, आणि मला त्यांचं पटतं. बॅरेट, फेडोरोव्हा आणि नामिर यांना मारल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्या लढती बाहेरच्या स्टुडिओनं बनवल्या होत्या आणि ते जाणवतं. २०१३ च्या 'डायरेक्टर्स कट'मध्ये तिथं लपायच्या आणि हॅक करायच्या वाटा घातल्या, तरी शेवट तोच राहिला. दिलासा इतकाच की 'पॅसिफिस्ट'साठी बॉस मोजत नाहीत. म्हणून झोपेचे बाण घेऊन बॅरेटपुढं उभं राहू नका. खोलीत स्फोटाची पिंपं आहेत, ती उचलून त्याच्यावर फेका. फेडोरोव्हा वीज सोडते, तिच्याआधी ईएमपीपासून बचाव करणारी ताकद घेतलेली असेल तर निम्मं काम झालं. टायफून हे चारी बाजूंना स्फोट करणारं हत्यार तिघांनाही भारी पडतं, पण ते साध्या गार्डवर चुकूनही वापरू नका, त्यातून कुणी वाचत नाही.

२०१६ च्या 'मॅनकाइंड डिव्हायडेड'मध्ये ही तक्रार त्यांनी मनावर घेतली. तिथं शेवटचा बॉस मार्चेंको यालाही जिवंत ठेवता येतं. पण जुन्या सवयीनं 'बॉस मोजत नाही' म्हणून त्याला मारू नका, पस्तावाल. 'सायबरपंक २०७७' खेळणाऱ्यांनाही एक सांगतो: तिथं कामं देणारी रेजिना तुम्हाला १७ सायबरसायको, म्हणजे शरीरातल्या यंत्रांपायी भान हरपलेली माणसं, गाठायला सांगते आणि ते तिला जिवंत हवे असतात. तिथं माणूस कोसळल्यावर हातातला दांडका थांबवणं हेच खरं काम. जोशात एक फटका जास्त बसला की मेला.

भाच्याचं पुढं काय झालं ते सांगतो. एखादा मेला की तो डाग त्यापुढच्या सगळ्या सेव्हवर राहतो, पण त्याआधीचा सेव्ह स्वच्छ असतो. मलिकचं विमान पडायच्या जरा आधीचा सेव्ह त्याच्याकडं होता. तिथून त्यानं पुन्हा सुरू केलं. पहिल्या दोन वेळा मलिकच गेली. तिसऱ्यांदा त्यानं रोबो एकटा उभा असतानाच ईएमपी टाकला, मग सैनिकांकडं वळला. सगळं शांत झाल्यावर मी म्हटलं, "आता प्रत्येकाजवळ जाऊन बघ." तो एकेकाजवळ वाकत गेला. झोप, झोप, झोप. शेवटचा एक जण जिन्याच्या कडेला अर्धा लोंबकळत होता. त्याला त्यानं दोन्ही हातांनी ओढून आत घेतलं आणि मगच सेव्ह केलं.