एबीएस आणि एअरबॅगचे दिवे एकदम लागले? मॉड्यूल बदलण्याआधी या चुका टाळा

गणपतीला मुंबईहून गावी आलेली गाडी रात्रभर पावसात अंगणात उभी राहते आणि सकाळी चावी फिरवताच एबीएस, पॉवर स्टिअरिंग व एअरबॅग असे तिन्ही दिवे लागून राहतात, ही तक्रार रत्नागिरी-मालवण पट्ट्यातल्या गॅरेजांना नवी नाही. दोषाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर ‘यू’ने सुरू होणारे कोड दिसले की पुष्कळदा तिथल्या तिथे मॉड्यूल, म्हणजे त्या यंत्रणेचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, मागवले जाते, आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच असते. तीन मॉड्यूल एकाच रात्रीत सहसा मरत नाहीत. त्यांना मिळणारी वीज, त्यांचा अर्थ (बॉडीला जोडलेली अर्थिंगची तार) किंवा त्यांना जोडणाऱ्या तारा यांतच बहुधा दोष असतो.

कोड चुकीच्या अर्थाने वाचणे ही त्याआधीची चूक. यू०१२१ म्हणजे एबीएस मॉड्यूलशी आणि यू०१५१ म्हणजे एअरबॅग मॉड्यूलशी संपर्क तुटला. पण ही नोंद गप्प बसलेल्या मॉड्यूलने केलेली नसते, त्याच्या संदेशाची वाट पाहणाऱ्या दुसऱ्याने केलेली असते. म्हणून कोड पुसण्याआधी कोणत्या मॉड्यूलमध्ये कोणता कोड आहे आणि स्कॅनरला कोण उत्तर देते, कोण देत नाही, हे कागदावर लिहून काढावे. एकच मॉड्यूल गप्प असेल तर त्याचा फ्यूज, अर्थ आणि त्याच्याकडे जाणारा तारांचा फाटा तपासावा. सगळीच गप्प असतील तर मुख्य जोडीकडे, म्हणजे सर्व मॉड्यूलना जोडणाऱ्या दोन तारांकडे, वळावे. बॅटरी अशक्त असेल तर स्टार्टर मारताना व्होल्टेज कोसळून असे कोड उगाचच नोंदले जातात, तेव्हा ती आधी नीट चार्ज करून घ्यावी.

अर्थ तपासताना तार सलग असल्याचे सांगणारा मल्टिमीटरचा बझर वाजला की बहुतेक जण समाधानी होतात. खाऱ्या हवेने कुजलेल्या तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी बझर वाजतोच. भार आला की मात्र तोच धागा अपुरा पडतो. इग्निशन, हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून मॉड्यूलची अर्थ-पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यातले व्होल्टेज मोजावे. ते ०.१ व्होल्टच्या फार वर गेले तर बॉडीला बसवलेला अर्थचा बोल्ट काढून खालचा गंज खरवडावा.

पाणी कुठून येते हेही पाहावे. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे आलेल्या एका गाडीचे सारे कोड एबीएसकडे बोट दाखवत होते. डाव्या बाजूचे मॅट उचलले तर खालचा फोम पिळता येईल इतका भिजलेला होता, आणि तिथल्या कपलरच्या, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लगच्या, दोन पिनांवर हिरवट भुकटी जमली होती. समोरच्या काचेखालच्या जाळीत आंब्याची पाने कुजून निचऱ्याची वाट बंद झाली होती. पाणी तिथून आत झिरपत होते. नुसता स्प्रे मारून कपलर परत जोडला असता तर पुढच्या सरीला गाडी पुन्हा दारात उभी राहिली असती.

आता मुख्य जोडीची मोजणी. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे आणलेल्या कॅन या मॉड्यूलनी आपसांत संदेश पाठवण्याच्या पद्धतीत दोन पिळलेल्या तारा असतात आणि जलदगती जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी सोडवून, थोडे थांबून, स्कॅनरच्या सोळा पिनी सॉकेटातल्या ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये ओहम मोजले तर साधारण ६० यायला हवेत. १२० आले तर एका टोकाकडची वाट तुटलेली आहे. शून्याच्या जवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मग एकेक मॉड्यूल सोडवत जावे आणि आकडा कधी सुधारतो ते पाहावे. बॅटरी जोडलेली असताना ओहम मोजणे ही नेहमीची चूक, पण ६० आले म्हणून निश्चिंत होणे ही त्याहून मोठी, कारण एखाद्या मॉड्यूलकडे जाणारा मधला फाटा तुटला तरी ६० च दिसतात. शिवाय ज्या गाड्यांत सॉकेटमागे गेटवे, म्हणजे संदेश पुढे पाठवणारे मधले मॉड्यूल, असतो, त्यांत हा आकडा आतल्या जोडीबद्दल काहीच सांगत नाही. बॅटरी पुन्हा जोडल्यावर कॅन शांत असताना दोन्ही तारांवर २.५ व्होल्ट असतात. संदेश जाताना एक ३.५ पर्यंत चढते आणि दुसरी १.५ पर्यंत उतरते. साध्या मीटरवर याची फक्त सरासरी दिसते, खरे चित्र व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवरच उमटते.

मोजताना जाड प्रोब पिनेच्या खोबणीत घुसवू नये. ती सैल होते आणि नवाच दोष तयार होतो. उंदरांनी कुरतडलेली जोडी दुरुस्त करताना पीळ शक्यतो तसाच ठेवावा आणि उघडा सांधा नुसत्या चिकटपट्टीने न गुंडाळता सोल्डर व हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) वापरावे. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला मात्र मीटर लावूच नये: एअरबॅग उडवणाऱ्या इग्नायटरला साध्या मीटरचा प्रवाहही धोक्याचा ठरू शकतो. बॅटरी सोडवल्यावरही उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबूनच त्याला हात लावावा.

सर्व तपासून मॉड्यूलच दोषी निघाले, तरी भंगारातले आणून जोडल्याने काम होईलच असे नाही. अनेक गाड्यांत ते त्या गाडीसाठी कोड करावे लागते. दुरुस्तीनंतर कोड पुसून, खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी फिरवून पुन्हा स्कॅन घ्यावा, आणि जमल्यास पावसात उभी ठेवून दुसऱ्या दिवशी आणखी एकदा.