मिडवेच्या हेरगिरीवर बोलताय? या चुका टाळा

नाशिकमध्ये वक्तृत्व स्पर्धांचा सीझन आला की दुसऱ्या महायुद्धातली हेरगिरी हा विषय कोणीतरी घेतंच, आणि जून १९४२ ची पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळची अमेरिका-जपान लढाई, जी अमेरिकेने जिंकली, ती तर सगळ्यांची लाडकी. गंगापूर रोडच्या आमच्या अभ्यासवर्गात पोरं एक छोटा व्हिडिओ बघून भाषण पाठ करून येतात. चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे पाण्याची गोष्ट अर्धी सांगणं. जपानी मेसेजमध्ये हल्ल्याची जागा 'एएफ' म्हणून यायची. पोरं सांगतात की अमेरिकेला एएफ म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं, मग मिडवेवरून 'पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलंय' असा मेसेज सोडला, जपान्यांनी 'एएफला पाणी कमी आहे' असं आपल्या लोकांना कळवलं आणि कोडं सुटलं. अहो, हवाईतल्या जोसेफ रोशफोर्टच्या कोड फोडणाऱ्या अमेरिकन टीमला एएफ म्हणजे मिडवेच हे आधीच पटलं होतं! वॉशिंग्टनचे वरिष्ठ मानत नव्हते, त्यांची खात्री पटवायला हा डाव टाकला. आमच्याकडे एका सरावाला देवळालीचे एक रिटायर्ड तोफखाना अधिकारी आले होते, एका मुलाने ही गोष्ट एकदम हातवारे करून सांगितली, टाळ्या झाल्या, आणि सरांनी एकच विचारलं, "बाळा, असा खोटा मेसेज सोडा हे मिडवेला कळवलं कसं? तेही रेडिओवरूनच कळवलं असतं तर?" मुलगा गप्प. समुद्राखालच्या केबलवरून कळवलं होतं, ती जपान्यांना ऐकू येत नव्हती, आणि खोटा मेसेज मात्र मुद्दाम साध्या भाषेत रेडिओवर सोडला. अख्खा डाव त्या केबलवर उभा आहे आणि व्हिडिओत नेमकी तीच गायब. म्हणून मी वहीत प्रत्येक मेसेजपुढे लिहितो: कोणी, कोणाला, कशावरून पाठवला, आणि मधे कोण ऐकत होतं. वेळ जातो, जाऊ दे.

दुसरी चूक, कोड फोडला म्हणजे शत्रूचं व्हॉट्सॅप उघडलं असं समजणं. जपानी नौदलाच्या जेएन-२५ या कोडमध्ये प्रत्येक शब्दाला पाच आकडी नंबर असायचा, आणि त्यात दुसऱ्या वहीतला पाच आकडी नंबर मिळवायचा, तोही हातचा न घेता. मी मुलांना फळ्यावर करायला लावतो: ४८१२६ मध्ये ७५६३४ मिळवा, हातचा सोडा, १३७५० येतं. आता फक्त १३७५० हातात आहे, शब्द शोधा. पाचच मिनिटांत घाई करणारे शांत होतात. रोशफोर्टच्या लोकांना मेसेजचे तुकडेच वाचता यायचे, बाकी अनुभव आणि अंदाज. त्यात लढाईच्या ऐन तोंडावर, मे अखेरीस, जपानने कोड बदलला. तोवर बेत कळला होता म्हणून निभावलं.

एनिग्मा मिडवेत घुसडू नका. ते गुप्त मेसेज बनवायचं जर्मन मशीन.

हेर आणि कोड फोडणारे यांची खिचडी करू नका. पर्ल हार्बरच्या आधी ताकेओ योशिकावा होनोलुलूच्या जपानी वकिलातीत खोट्या नावाने बसून जहाजांची खबर पाठवत होता. ७ डिसेंबर १९४१ नंतर ती वकिलात बंद झाली आणि जपानचा तिथला डोळा गेला. मिडवेच्या आधी जपानने फ्लाइंग बोटीने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने, टेहळणी करायचं ठरवलं, तर इंधन भरायच्या जागेवर अमेरिकन जहाजं उभी, बेत रद्द. पाणबुड्यांची फळी पण उशिरा पोचली. हा भाग कोणीच सांगत नाही आणि मला तर हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण अमेरिकेला बेत कळला होता त्याच वेळी जपानला अमेरिकन विमानवाहू जहाजं कुठे आहेत याचा पत्ताच नव्हता.

आणि 'कोडमुळे लढाई जिंकली' हे वाक्य तर मी खोडूनच टाकतो. कोडने अमेरिकन ताफ्याचा प्रमुख निमित्झला जागा आणि तारीख दिली, पुढे माणसं मेली. ४ जूनला हॉर्नेट या अमेरिकन विमानवाहू जहाजावरून टॉर्पेडो विमानांची एक तुकडी उडाली, तिच्या त्या हल्ल्यातल्या ३० जणांपैकी एकटा जॉर्ज गे वाचला. नंतर अमेरिकन बॉम्बफेकी विमानांचं नेतृत्व करणाऱ्या मॅक्लस्कीला जपानी ताफा सापडेना, इंधन संपत आलेलं, तेवढ्यात खाली एक जपानी विनाशिका वेगाने जाताना दिसली, तिच्या दिशेने तो गेला आणि ताफा सापडला. हे फोडलेल्या कुठल्याच मेसेजमध्ये नव्हतं.