पांढऱ्या कागदाचा उठावदार मोर

सोलापुरात मोराची आकृती शोधायला लांब जावे लागत नाही, कारण जॅकार्डच्या, म्हणजे विणतानाच नक्षी उमटवणाऱ्या, मागावर विणलेल्या चादरींवर तो पिढ्यान्‌पिढ्या पिसारा फुलवून उभा आहे. तिथे मोराला रंग उठाव देतो. कागदी शिल्पात मात्र ते काम सावलीला करावे लागते, म्हणून पहिला मोर तरी संपूर्ण पांढऱ्या कागदाचाच करावा असा माझा आग्रह आहे.

कागद १८० ते २०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कार्डपेपर असावा. त्याहून पातळ कागद आकार धरत नाही आणि जाड कागदाची वळणदार घडी फाटते. पाठीला ५० × ४० सेंटीमीटरचा, ५ मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका ताठ फलक, आडवा घ्यावा. याशिवाय धारदार कटर, कात्री, स्टीलची पट्टी, फेव्हिकॉल, फोमची दुहेरी चिकटपट्टी आणि शाई संपलेले बॉलपेन लागते. हे पेन फेकून देऊ नये. या कामात त्याच्याइतके उपयोगी दुसरे हत्यार नाही.

कापण्याआधी कागदातील तंतूंची दिशा ओळखावी. कागद न मोडता आधी उभा आणि मग आडवा हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या वळणाच्या रेषेला तंतू समांतर असतात. पिसाची मधली रेघ याच दिशेत आखावी, म्हणजे घडी स्वच्छ येते. तंतूंना आडवी घातलेली घडी खडबडीत होते आणि सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात, कागदातला ओलावा कमी झाल्यावर, ती तडकतेसुद्धा.

पिसे तीन मापांची हवीत: १८ सेंटीमीटरची अकरा, १४ सेंटीमीटरची दहा आणि १० सेंटीमीटरची नऊ. प्रत्येक पिसाला लांबट पानाचा आकार द्यावा. मोठ्या पिसाची रुंदी ४ सेंटीमीटर पुरते. मधोमध किंचित वळणदार रेघ काढून ती बॉलपेनने दाबावी. कागदाखाली जुने मासिक ठेवावे, कारण टणक टेबलावर रेघ पुरेशी खोल उमटत नाही. दाबलेली बाजू घडीच्या बाहेर राहील अशा रीतीने दोन्ही कडा मागे वळवल्या की रेघेचा कणा वर येतो आणि सपाट तुकड्याला प्रथमच एक उजळ व एक सावलीची बाजू मिळते. कण्यापासून २ मिलिमीटर अंतर राखून दोन्ही कडांना तिरके, बारीक काप द्यावेत आणि ते पट्टीच्या कडेवरून हलक्या हाताने ओढून वळवावेत. जोरात ओढल्यास केसांसारखे दिसणारे हे काप सरळ तुटतात. पहिली चार-पाच पिसे वाया जाणार हे धरूनच चालावे.

धडासाठी थेंबाच्या आकाराचा तुकडा कापून त्याच्या रुंद टोकाकडून मध्यापर्यंत एक चीर द्यावी आणि चिरेच्या कडा ५-६ मिलिमीटर एकमेकींवर चढवून चिकटवाव्यात. छाती आपोआप फुगते. मान आणि तुरा वेगळे कापावेत.

जुळणी मागून पुढे करावी. खालच्या कडेच्या मध्याजवळ एक बिंदू धरून अकरा लांब पिसे अर्धवर्तुळात, एकमेकांपासून १८ अंशांवर लावावीत. मधली दहा पिसे त्यांच्या फटींत आणि पुढची नऊ मधल्यांच्या फटींत बसवावीत. फेव्हिकॉल फक्त देठाशी, काडीच्या टोकाने लावावा; त्यातल्या पाण्याने तंतू फुगतात आणि जास्त लागल्यास कागद लहरी घेतो. प्रत्येक थराखाली फोमपट्टीचा तुकडा ठेवला की थरांमध्ये सावली शिरते. धड सर्वांत शेवटी, दुहेरी फोमवर बसवावे. जुळणी करताना पंखा बंद ठेवावा लागतो. एप्रिल-मेमध्ये हे काम पहाटेच उरकावे.

चित्र खिडकीच्या समोर टांगू नये. समोरून पडणारा प्रकाश सगळा उठाव खाऊन टाकतो. खिडकीलगतच्या, काटकोनातल्या भिंतीवर तिरपे ऊन न लागता नुसता उजेड येईल अशी जागा निवडावी.