बॅलन्स्ड की अनबॅलन्स्ड? घरच्या ऑडिओत या चुका टाळा

स्पीकरमधून घूंऽऽ आवाज यायला लागला की सल्ला ठरलेला: "बॅलन्स्ड केबल टाक, जाईल." मग माणूस महागडी एक्सएलआर (तीन पिनांच्या गोल प्लगची केबल) घेऊन येतो, आणि घूं जिथल्या तिथं.

एक्सएलआर पिन लावली म्हणून काही बॅलन्स्ड होत नाही. दोन्ही टोकांची यंत्रं तशी लागतात. बॅलन्स्ड जोडणीत सिग्नल दोन तारांवरून येतो, वाटेत घुसलेला गोंगाट दोन्हींवर सारखाच बसतो, आणि घेणारं यंत्र दोन्हींतला फरक तेवढा उचलतं. गोंगाट वजा होतो. आरसीए, म्हणजे लाल-पांढऱ्या प्लगची केबल, अनबॅलन्स्ड: आत एक तार आणि भोवती जाळी, परतीची वाट तीच जाळी. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीला फक्त लाल-पांढरी भोकं असतील तर विषय संपला. मीटर-दीड मीटरची बरी आरसीए घ्या आणि गाणी ऐका. दोन-तीन मीटरपर्यंत तिला काही होत नाही.

अर्थिंगची पिन कापणे. यावर माझं डोकं फिरतं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ओळखीच्या घरी टीव्हीला दोन अ‍ॅक्टिव्ह मॉनिटर, म्हणजे आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले स्पीकर, जोडले होते. घूं येत होता. दुकानदारानं आधी एक आरसीए-एक्सएलआर केबल दिली, मग तिच्याहून महाग दुसरी. फरक शून्य. शेवटी वायरमननं पक्कड काढून दोन्ही प्लगांची जाड पिन उडवली आणि घूं बंद. घरचे खूश. मी गेलो तेव्हा मालक कौतुकानं सांगत होते, "एका मिनिटात काम केलं बघा!" अहो, आत कुठं इन्सुलेशन गेलं तर मॉनिटरच्या पत्र्यात करंट उतरेल, आणि त्याला जायला वाट म्हणून उरेल तो हात लावणारा माणूस.

आधी नवे थ्री-पिन प्लग बसवले. घूं परत आला, येणारच होता. मग सेट-टॉप बॉक्समधून केबलवाल्याची गोल वायर उपसली. चिडीचूप. त्या वायरीची जाळी बाहेर कुठंतरी अर्थ झालेली, मॉनिटर घरच्या अर्थिंगला. या दोन अर्थांमधला ५० हर्ट्झचा करंट ऑडिओ केबलच्या जाळीतून फिरत होता. ग्राउंड लूप म्हणतात तो हाच. केबल टीव्हीच्या वायरीत आयसोलेटर (दोन्हीकडच्या जाळ्यांचा थेट संबंध तोडणारी डबी) टाकला, काम झालं. घूं आला की मी काहीही विकत घ्यायच्या आधी सगळ्या वायरी काढतो आणि एकेक परत लावतो. जिच्यामुळं आवाज येतो ती चोर. एवढा धीर लोकांना नसतो, पाकिटात हात घालायला मात्र असतो.

आणि त्या तयार आरसीए-एक्सएलआर केबलबद्दल: बहुतेकींत एक्सएलआरच्या टोकालाच १ आणि ३ नंबरच्या पिना जोडून टाकलेल्या असतात. म्हणजे बॅलन्स्ड इनपुट असूनही त्याचा फायदा गेला. मी दोन तारा आणि जाळीची केबल घेऊन स्वतः सोल्डर करतो: २ नंबर आरसीएच्या मधल्या टोकाला, ३ नंबर बाहेरच्या कड्याला, आणि १ नंबरवरची जाळीसुद्धा आरसीएच्या टोकाला त्याच कड्याला. पुष्कळदा एवढ्यानंच घूं बसतो. विकतची असेल तर एक्सएलआरचं टोक उघडून बघा.

हेडफोनचा जॅक बॅलन्स्ड इनपुटात खुपसणे. दोन काळ्या रिंगांचा, म्हणजे तीन भागांचा (टीआरएस) जॅक दिसला की "हा टीआरएस, म्हणजे बॅलन्स्ड" असं समजणारी पोरं मला दर महिन्याला भेटतात. भाच्यानं लॅपटॉपच्या हेडफोन भोकातून स्टीरिओ वायर काढली, पुढं मोठा जॅक लावला आणि सरळ एका मॉनिटरच्या इनपुटात घातला. फोन आला, "मामा, गाणारा कुठं गेला? नुसती मागची वाद्यंच ऐकू यायल्यात. स्पीकर बदलून आणू काय?" स्पीकरला काय धाड भरलीय? जॅक तोच, पण त्यावर डावं आणि उजवं असे दोन वेगळे चॅनल. बॅलन्स्ड इनपुट त्यांतला फरक घेणार. गायकाचा आवाज बहुधा दोन्हींत सारखा असतो, म्हणून तोच वजा झाला. वाय केबल घ्या: एकीकडं स्टीरिओ जॅक, दुसरीकडं एक काळी रिंग असलेले दोन मोनो जॅक, प्रत्येक मॉनिटरला एक.

उरलेलं पटापट.

गणपतीच्या डॉल्बीवाल्या मित्राकडून आणलेली माइकची एक्सएलआर केबल घरी बिनधास्त चालते. त्याची स्पीकरची जॅकवाली वायर मात्र सिग्नलला लावू नका. दिसायला सारखी, आत जाळीच नाही.

मिक्सरचं प्रोफेशनल आउटपुट घरगुती अ‍ॅम्प्लिफायरला दिलं आणि आवाज फाटला, तर केबलला शिव्या देऊ नका. प्रोफेशनल आणि घरगुती लेव्हलांत साधारण १२ डेसिबलचा फरक असतो. मिक्सरचा आवाज उतरवा.

सबवूफरची लांब आरसीए आणि विजेची वायर एकाच पट्टीत कोंबू नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

हेडफोनच्या ४.४ मिमी 'बॅलन्स्ड' जॅकचा घूं घालवण्याशी काही संबंध नाही. त्यासाठी जादा पैसे मोजायचे तर ते कारण सांगू नका.

आणि आपल्याकडचा पावसाळा संपला की आरसीएच्या सगळ्या पिना एकदा उपसून, दोन-तीनदा फिरवून परत बसवा. खरखर बहुतेक तिथंच असते.