कन्सोलच्या ऑनलाइन वर्गणीचे पैसे: कधी भरायचे, कधी नाही

गेम विकत घेतलेला, कन्सोल स्वतःचा, इंटरनेट घरचं. तरीही मित्राबरोबर सामना लावायला गेलं की पडद्यावर वर्गणीची पाटी येते. पूर्वी सगळीकडे असं नव्हतं. प्लेस्टेशन ३ वर ऑनलाइन खेळणं फुकट होतं. २०१३ साली प्लेस्टेशन ४ आला आणि त्यासाठी प्लस (प्लेस्टेशनची वर्गणी) घेणं भाग पडलं. निन्टेन्डो स्विचवर सप्टेंबर २०१८ पासून पैसे लागू लागले. एक्सबॉक्सने मात्र २००२ पासूनच हा रिवाज ठेवला आहे.

वर्गणी म्हणजे चार-पाच वेगवेगळ्या गोष्टींचं गाठोडं असतं. त्यातल्या कोणत्या गोष्टीवाचून तुमचं अडतं, एवढं कळलं की पैसे भरायचे की नाही ते ठरवता येतं.

आधी गेम बघा. फोर्टनाइट, रॉकेट लीग, एपेक्स लेजंड्स यांसारख्या मुळातच फुकट असलेल्या गेमना तिन्ही कन्सोलवर वर्गणी लागत नाही. एक्सबॉक्सने ही अट एप्रिल २०२१ मध्ये काढली आणि पार्टी चॅटही (मित्रांशी गटात बोलण्याची सोय) तेव्हाच मोकळं केलं. घरात फक्त असे गेम खेळले जात असतील तर इथेच थांबा, पैसे भरू नका. विकतच्या गेमचं तसं नाही. ईए स्पोर्ट्स एफसी, जीटीए ऑनलाइन, मारिओ कार्ट, स्प्लाटून ऑनलाइन खेळायचे तर वर्गणी हवीच. डिस्क विकत घेतली म्हणून सूट मिळत नाही.

इथे बरेच जण ‘इंटरनेट लागतं’ आणि ‘वर्गणी लागते’ यांत गल्लत करतात. ग्रान टुरिस्मो ७ एकट्याने खेळतानाही बहुतेक ठिकाणी इंटरनेट मागतो, पण त्यासाठी प्लस लागत नाही. प्लस लागतं ते इतरांशी ऑनलाइन शर्यत लावायला. फायनल फॅन्टसी १४ ची गंमत वेगळीच आहे. गेमची स्वतःची मासिक फी आहेच. प्लेस्टेशनवर तेवढ्यावर भागतं, एक्सबॉक्सवर मात्र वर गेम पासही (एक्सबॉक्सची वर्गणी) लागतो. म्हणून गेम घेण्याआधी स्टोअरच्या पानावर खाली जाऊन बारीक अक्षरांतली ओळ वाचा. ऑनलाइन खेळ ऐच्छिक आहे की आवश्यक आणि त्याला सभासदत्व लागतं का, हे तिथे लिहिलेलं असतं.

वर्गणीने कनेक्शन सुधारत नाही, हे पैसे भरण्याआधी नीट समजून घ्या. बऱ्याच गेममध्ये खेळाडूंचे कन्सोल थेट एकमेकांशी जोडले जातात. तुमच्या राउटरने ती वाट अडवली की सामना सापडत नाही, आवाज ऐकू येत नाही, मधेच बाहेर फेकलं जातं. हे आधी फुकटात तपासता येतं. पीएस५ (प्लेस्टेशन ५) वर सेटिंग्ज, नेटवर्क, कनेक्शन स्टेटस आणि मग टेस्ट इंटरनेट कनेक्शन. एक्सबॉक्सवर नेटवर्क सेटिंग्जमध्ये टेस्ट नॅट टाइप. स्विचवर इंटरनेट सेटिंग्जमधली कनेक्शन टेस्ट. निकालात ‘नॅट टाइप’, म्हणजे राउटर ही वाट किती मोकळी ठेवतो त्याचा दर्जा, दिसेल. प्लेस्टेशनवर १ किंवा २, एक्सबॉक्सवर ओपन, स्विचवर ए किंवा बी आला तर उत्तम. प्लेस्टेशनवर ३, एक्सबॉक्सवर स्ट्रिक्ट किंवा स्विचवर डी दिसला तर राउटरमध्ये यूपीएनपी (कन्सोलसाठी वाट आपोआप उघडणारी सोय) चालू करा, राउटर आणि कन्सोल बंद करून पुन्हा सुरू करा आणि परत तपासा. तरी फरक पडत नसेल तर एकापुढे एक दोन राउटर जोडलेले नाहीत ना ते बघा. तसे असतील तर दुसरा ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो नुसता जोडणी पुढे देईल, मधे वाट अडवणार नाही. वायफायऐवजी लॅनची केबल लावली तर खेळ अडखळणं बऱ्याचदा तिथेच थांबतं. मग एखादा फुकटचा गेम आठवडाभर, तुम्ही रोज खेळता त्याच वेळी खेळून पाहा. तो नीट चालला तरच पुढचा विचार करा.

आता क्लाउड सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद (सेव्ह) इंटरनेटवर कंपनीकडे जपून ठेवणं. याकडे कुणी फारसं बघत नाही, पण आमच्या मते एकट्याने खेळणाऱ्याने वर्गणी घ्यायचं खरं कारण हेच आहे. पीएस५ च्या गेमचे सेव्ह पेनड्राइव्हवर घेता येत नाहीत (पीएस४ चे येतात). कन्सोल बिघडला, दुरुस्तीत आतला डेटा पुसला गेला, की ऐंशी तासांचा खेळ गेला. प्लस असेल तर प्रत क्लाउडवर राहते. स्विचवरही क्लाउड प्रतीसाठी वर्गणी लागते आणि तरीही काही गेम त्यातून वगळलेले आहेत. स्प्लाटून २ त्यातलाच. एक्सबॉक्सवर मात्र क्लाउड सेव्ह सगळ्यांना फुकट आहे, त्यासाठी एक पैसाही भरू नका. वर्गणी संपली की प्रत घेणं बंद होतं आणि ते सहसा लक्षात येत नाही. परत भरल्यावर कन्सोलवरचा आणि क्लाउडवरचा सेव्ह वेगळा दिसला तर घाईत बटण दाबू नका. दोन्हींची तारीख-वेळ वाचा आणि नवा तो ठेवा.

‘दर महिन्याला गेम फुकट’ या आमिषावर निर्णय घेऊ नका. ते गेम तुमच्या मालकीचे होत नाहीत. प्लसचे मासिक गेम त्या महिन्यात लायब्ररीत टाकून ठेवले की वर्गणी चालू असेपर्यंत राहतात. ती थांबली की कुलूप लागतं, परत भरली की उघडतं. डाउनलोड करायची गरज नाही, फोनवरच्या ॲपमधून टाकले तरी चालतं. एक्स्ट्रा (प्लसची वरची पातळी) आणि गेम पासच्या यादीतले गेम मात्र ठरलेल्या दिवशी निघून जातात, तुम्ही अर्ध्यात असलात तरी. अशा गेमसाठी जोडभाग (डीएलसी, म्हणजे मूळ गेमला वरून जोडायचे भाग) विकत घेऊ नका. मूळ गेम गेला की त्या जोडभागाचा उपयोग उरत नाही.

किती महिन्यांचं घ्यायचं? वार्षिक किमतीला एका महिन्याच्या किमतीने भागा. उत्तर ७ आलं आणि तुम्ही वर्षातले ४ महिनेच खेळत असाल तर सुटे महिनेच घ्या. सुरुवात सगळ्यात खालच्या पातळीने करा. प्लेस्टेशनवर मधेच वरची पातळी घेतली तर उरलेल्या सगळ्या दिवसांचा फरक एकदम भरावा लागतो. दोन-तीन वर्षांचं आगाऊ भरून ठेवलेल्याला तो फार जड जातो. एक्सबॉक्सवाल्यांनी पीसी गेम पास चुकून घेऊ नये, त्यात कन्सोलवरचं ऑनलाइन खेळणं येत नाही.

घरात खेळणारे बरेच असतील तर प्रत्येकाची वेगळी वर्गणी नको. पीएस५ वर ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ चालू केलं की त्या कन्सोलवरचे बाकीचे सगळे ऑनलाइन खेळू शकतात. एक्सबॉक्सवर हेच काम ‘होम एक्सबॉक्स’ (खात्याचा मुख्य म्हणून नेमलेला कन्सोल) करतो, पण तो वर्षातून ५ वेळाच बदलता येतो. निन्टेन्डोचं कौटुंबिक सभासदत्व ८ खात्यांना पुरतं, प्रत्येकाचा कन्सोल वेगळा असला तरी.

पैसे भरले की त्याच दिवशी आपोआप नूतनीकरण बंद करा. भरलेली मुदत त्याने कमी होत नाही. पीएस५ वर सेटिंग्ज, यूजर्स अँड अकाउंट्स, अकाउंट, पेमेंट अँड सबस्क्रिप्शन्स. स्विचवर ईशॉपमध्ये खात्याच्या पानावर. एक्सबॉक्सचं ब्राउझरमधून मायक्रोसॉफ्ट खात्यात. शेवटची तारीख फोनमध्ये नोंदवा आणि त्याच्या दोन दिवस आधी सगळे सेव्ह क्लाउडवर चढलेत का, ते एकेका गेमवर जाऊन बघा.