सँपल कसं काढायचं: मामांच्या द्राक्षबागेतून सिडकोच्या दारापर्यंत

मागच्या सीझनला दिंडोरी साइडला मामांच्या बागेत गेलो होतो, अडीच एकर थॉमसन जातीची द्राक्षं. मामा बांधावरून दोन ओळी आत गेले, चार घडांचे वरचे मणी तोडले, रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजायचं यंत्र) पिळले आणि म्हणाले 19 आला, बोलव व्यापाऱ्याला. म्हटलं मामा थांबा जरा. घडाच्या खांद्याकडचे मणी आधी गोड होतात, खालच्या टोकाचे मागे राहतात, त्यात कडेच्या झाडांना ऊन जास्त, आणि हात आपोआप चांगल्या घडाकडेच जातो. मग पूर्ण बागेचं ब्रिक्स, म्हणजे रसाच्या गोडीचा आकडा, 19 कसं म्हणणार?

तर सँपलिंगमध्ये, म्हणजे थोडी झाडं तपासून पूर्ण बागेचा अंदाज काढण्यात, मुख्य काम एवढंच, की कुठलं झाड घ्यायचं हे आपल्या डोळ्याने ठरवायचं नाही.

पहिलं, यादी करा. बाग 9 बाय 5 फुटांवर लावलेली, 40 ओळी, ओळीत 60 झाडं, म्हणजे 2400. पहिल्या ओळीत 1 ते 60, दुसरीत 61 ते 120 असं पुढे, कागदावर लिहायची पण गरज नाही. मोबाईलवर एक्सेल उघडून रँडबिटवीन फंक्शनला 1 आणि 2400 द्या, 60 नंबर काढा, रिपीट आला तर सोडून पुढचा. समजा 1387 आला, तर 23 ओळींची 1380 झाडं गेली, म्हणजे 24 व्या ओळीतलं 7 वं झाड. तिथे गेलात आणि झाड मेलेलं निघालं तर शेजारचं घ्यायचं नाही!! इथेच सगळे चुकतात. मेलेल्या झाडाच्या रिकाम्या जागेशेजारी असलेल्या झाडाला मोकळी जागा आणि ऊन जास्त मिळतं, आणि त्याची निवड व्हायची शक्यता पण डबल होते. सरळ पुढचा रँडम नंबर काढा. याला म्हणतात सिंपल रँडम.

झाडावर पण तेच, डावी बाजू की उजवी ते नाणं उडवून ठरवा, एक घड धरा, वरचा, मधला, टोकाचा असे तीन मणी एकत्र पिळा आणि त्या झाडाचा आकडा वेगळा लिहा. 60 झाडांचे मणी एकाच पिशवीत पिळले तर सरासरी मिळेल पण चढउतार कळणार नाही, आणि तोडणी एकदम करायची की दोन टप्प्यात हे त्या चढउतारावरच ठरतं ना.

नंबर शोधत बागभर फिरायचा कंटाळा आला तर सिस्टिमॅटिक करा, म्हणजे 2400 भागिले 60, दर 40 वं झाड, सुरुवात 1 ते 40 मधल्या रँडम नंबरने. सोपं वाटतं पण एक गंमत आहे, ओळ 60 ची आणि उडी 40 ची, मग सुरुवात 1 ने झाली तर तुम्ही ओळीतल्या 1, 41 आणि 21 नंबरच्या झाडांवरच फिरत राहता, बाकीच्या जागी कधी पोचतच नाही. उडी 60 ची घेतली तर संपलंच, सगळी झाडं बांधाकडची. त्यामुळे उडी 41 ची ठेवा, 58-59 झाडं मिळतात, चालतं.

मामांच्या बागेत खरी कामाची पद्धत स्ट्रॅटिफाइड, म्हणजे गट पाडून सँपल काढायची, निघाली, कारण 1600 झाडं काळ्या जमिनीत आणि 800 मुरमाड तुकड्यात. आधी हे दोन गट पाडायचे, मग प्रत्येक गटात वेगळं रँडम, काळ्यात 40 आणि मुरमाडात 20. कोणी दोन्हीकडे 30-30 घेतली तरी हरकत नाही, फक्त सरासरी काढताना प्रत्येक गटाला त्याच्या झाडांच्या प्रमाणात वजन द्या. समजा काळ्यात 16 आला आणि मुरमाडात 19, तर सरळ सरासरी 17.5 दिसते, पण बागेची खरी 17 आहे कारण दोन तृतीयांश झाडं काळ्यात आहेत. अर्ध्या ब्रिक्ससाठी काय भांडायचं असं वाटत असेल तर भाव ठरताना समोर बसून बघा एकदा.

अजून एक पद्धत क्लस्टर, म्हणजे 5-6 ओळी रँडम निवडून त्यातली सगळी झाडं. पाय कमी दुखतात, पण एका ओळीतली झाडं एकमेकांसारखी असतात त्यामुळे माहिती कमी मिळते, जास्त झाडं घ्यावी लागतात.

हे फक्त शेतकऱ्यांचं नाही हां. पिकाचं उत्पादन किती ते काढायच्या सरकारी पीक कापणी प्रयोगात प्लॉटची जागा रँडम नंबरनेच ठरते, आणि भारतात हे शास्त्र उभं करण्यात महालनोबिस आणि आपल्या सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा.

शहरात सर्व्हे करायचा असेल तर कॉलेज रोडला उभं राहून किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर फॉर्म टाकून "नाशिककरांचं मत" म्हणू नका प्लीज. 1936 साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट मासिकाने 20 लाखांवर उत्तरं गोळा केली, याद्या मात्र फोन आणि गाडीवाल्यांच्या, परत पाठवणारेही ठराविक, आणि रूझवेल्ट हरणार म्हणून छापलं. तो 48 पैकी 46 राज्यं जिंकला.

किती लोक घ्यायचे? 95 टक्के खात्री आणि 5 टक्के इकडे तिकडे चालत असेल तर साधारण 385, तेही सिंपल रँडम असेल तर. 2011 ला नाशिक शहर 14 लाख 86 हजारांचं होतं, पूर्ण महाराष्ट्र धरला तरी तेवढेच 385 लागतात. पण 600 फ्लॅटची सोसायटी असेल तर 235 च्या आसपास पुरतात. शहरासारख्या मोठ्या ठिकाणी चूक अर्धी करायची असेल तर लोक चौपट.

महापालिकेचे सहा विभाग आहेत, पंचवटी, सातपूर, नाशिकरोड, सिडको वगैरे, ते तुमचे तयार गट. आणि दाराला कुलूप असलं तर? परत मेलेल्या झाडाचीच गोष्ट. शेजारच्यांना विचारून मोकळं व्हायचं नाही, कारण दुपारी घरी सापडणारा माणूस आणि अंबडच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्ट करणारा माणूस वेगळा. संध्याकाळी जा, रविवारी जा, तीन चकरा मारा, नाहीच भेटला तर तसं लिहून ठेवा. दार उघडणाऱ्यालाच प्रश्न विचारू नका, घरात 18 च्या वरच्यांपैकी शेवटचा वाढदिवस कोणाचा झाला ते विचारा आणि त्याला किंवा तिला बोलवा. सिडकोत एका काकूंनी हे ऐकून आधी मला केक कुठंय विचारलं, मग आतून सासूबाईंना घेऊन आल्या.