ग्रॅनाइटचं फॅब्रिक मोजायला निघताना

ग्रॅनाइटच्या फॅब्रिकवर, म्हणजे खडकातल्या स्फटिकांच्या मांडणीवर, काम सुरू झालं की नकाशावर शिलारसाच्या प्रवाहाचे बाण काढायची घाई होते. ती आवरा. फेल्डस्पारचे लांबट स्फटिक एका दिशेला लागलेले दिसले, तरी शिलारस कुठून कुठे गेला हे त्यावरून थेट कळत नाही. गोठायच्या बेताला आलेला शिलारस शेवटी कसा ताणला-दाबला गेला, तेवढं त्यात टिकतं. आधीचं बहुतेक पुसलेलं असतं.

म्हणून आधी थिन सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा खडकाचा पातळ काप, बघा. स्फटिक वळले तेव्हा त्यांच्यामध्ये द्रव होता का? फेल्डस्पारच्या कडा शाबूत, स्फटिक रांगेत आणि मधलं क्वार्ट्झ फारसं विकृत नाही, तर फॅब्रिक मॅग्मॅटिक, म्हणजे शिलारस पुरता गोठण्याआधीचं. क्वार्ट्झमध्ये बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन दिसले, तर खडक जवळजवळ घट्ट झाल्यावरही दाबला गेलाय, पण चांगलाच तापलेला असताना. क्वार्ट्झच्या फिती, मुडपलेला बायोटाइट (काळा अभ्रक), फेल्डस्पारच्या कडेला बारीक दाण्यांची झालर असेल, तर ती घन अवस्थेतली विकृती. ही ठिकाणं नकाशावर वेगळ्या रंगात ठेवा.

बराचसा ग्रॅनाइट डोळ्यांना एकसारखाच दिसतो. तिथे एएमएस, म्हणजे मॅग्नेटिक ससेप्टिबिलिटी (चुंबकक्षेत्रात खडक किती चुंबकित होतो ते) कोणत्या दिशेला किती, हे मोजावं लागतं. २५ मिमी व्यासाचे कोर (ड्रिलने कापलेले दंडगोल) काढून त्यांचे २२ मिमी लांबीचे तुकडे करतात. एका ठिकाणी काही मीटर अंतर ठेवून किमान ३-४ कोर घ्या. कोर खडकाला चिकटलेला असतानाच त्यावर नळी बसवून दिशा आणि कल वाचा, नळीच्या खाचेतून पितळी तारेने रेघ ओढा, मगच तो मोडून काढा. रेघेआधीच कोर तुटला आणि तुटलेली कड नेमकी जुळत नसेल, तर तो फेकून द्या. अंदाजाने बसवलेला कोर पुढे आकडेमोडीत ओळखूच येत नाही. डोंगरमाथ्यावर वीज पडलेल्या खडकापाशी होकायंत्र फसतं. ते मीटरभर उचलून पुन्हा वाचा, सुई हलली तर सन कंपास (सूर्याच्या सावलीवरून दिशा काढायचं साधन) वापरा. आणि डिक्लिनेशन (चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन) एकदाच लावा. होकायंत्रावर एकदा आणि सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा, ही चूक नेहमीची.

आकडे आले की आधी सरासरी ससेप्टिबिलिटी बघा. ती ०.०००५ एसआयच्या खाली असेल तर सहसा बायोटाइट बोलतोय, ०.००१ च्या वर असेल तर मॅग्नेटाइट. मॅग्नेटाइट असला की अॅनिसोट्रॉपीचा (दिशेनुसार ससेप्टिबिलिटी किती बदलते त्याचा) आकडा पी तेवढ्यानेच फुगतो. त्यामुळे या दोन गटांतला पी शेजारी ठेवून ‘इथे विकृती जास्त’ असं म्हणता येत नाही. टूर्मलीन किंवा अतिसूक्ष्म, सिंगल-डोमेन मॅग्नेटाइट असेल तर के-१ (सर्वाधिक ससेप्टिबिलिटीची दिशा) आणि के-३ (सर्वांत कमीची) यांची अदलाबदल होते आणि फोलिएशन (स्फटिक ज्या पातळीत लागलेत ती पातळी) चक्क काटकोनात दिसतं. शंका आली तर काही नमुन्यांचे तीन परस्परलंब छेद घेऊन फेल्डस्पारची दिशा फोटोवरून मोजा. फॅब्रिकच्या आकाराचा आकडा टी जवळजवळ +१, म्हणजे फॅब्रिक थाळीसारखं चपटं, असेल, तर के-१ फोलिएशनच्या पातळीत कुठेही भरकटतो. अशा ठिकाणचं लिनिएशन (के-१ ची रेषा) नकाशावर घालूच नये.

एवढं पार पडलं की अर्थाकडे वळा. प्लूटॉनच्या (जमिनीखाली गोठलेल्या शिलारसाच्या मोठ्या पिंडाच्या) कडेला समांतर, गोलाकार फोलिएशन दिसलं तर शिलारस आतून फुगत गेला असण्याची शक्यता. ६० अंशांहून उभं लिनिएशन एका पट्ट्यात जमलेलं असेल, तर खाली पुरवठ्याची वाट असू शकते; पण गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीत तिथेच प्लूटॉनचा तळ खोल निघतो का, ते ताडून बघा. फोलिएशन प्लूटॉनची हद्द ओलांडून भोवतालच्या खडकात तसंच पुढे जात असेल, तर तो त्या प्रदेशावरचा दाब आहे.

सगळ्यात जास्त कोर मात्र प्लूटॉनच्या आत, दोन वेगळ्या शिलारसांच्या सीमेवर घ्या. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडामधला टुऑलमी प्लूटॉन सुमारे १ कोटी वर्षांत टप्प्याटप्प्याने घडला, आणि तिथे मॅग्मॅटिक फोलिएशन काही आतल्या सीमा सरळ कापून जातं. म्हणजे सीमा आधीची, फॅब्रिक नंतरचं. अशा फॅब्रिकवरून त्या टप्प्यांचा शिलारस आत कसा शिरला, हे सांगता येत नाही.